शिक्षेपूर्वी निदान हवे

प्राथमिक शाळेत दहा-वीस वर्षे शिकविलेल्या कोणत्याही शिक्षकाला असा एखादा विद्यार्थी हटकून आठवेल. वय सात-आठ वर्षांचे. पाढे तोंडपाठ; गावच्या स्थानकावरून सुटणाऱ्या एसटी गाड्यांच्या वेळाही तोंडपाठ. परंतु हाक मारली तर तो वळून पाहत नाही. तास संपल्याची घंटा झाली की कानांवर हात ठेवून किंचाळतो. चित्रकलेच्या तासाला ऐनवेळी गणित घेतले तर जमिनीवर अंग टाकतो. शेजारच्या मुलाने पेन्सिल जागची हलविली, एवढ्या कारणावरून त्याला चावतो. ‘हाताची घडी, तोंडावर बोट’ असे बाईंनी म्हटले की ती आज्ञा तो अक्षरशः पाळतो. मधल्या सुट्टीत सगळा वर्ग मैदानावर गेला तरी हा ओठांवर बोट ठेवून जागीच बसलेला आढळतो; कारण बोट काढा, असे त्याला कोणी सांगितलेले नसते.

अशा मुलाविषयी शाळेचे मत फार लवकर ठरून जाते. प्रगतिपुस्तकावर ‘हुशार, पण हट्टी’ असा शेरा येतो. ‘घरच्यांनी लाडावून ठेवला आहे’ असा निष्कर्ष शिक्षकांच्या खोलीत निघतो आणि पालकांना वरचेवर बोलावणे धाडले जाते. घरीही निराळे काही घडत नाही. शेजारीपाजारी आईच्या वळणाला नावे ठेवतात, आजी दृष्ट काढते, वडील एखाद्या संध्याकाळी कचेरीतून दमून आल्यावर हात उगारतात. मुलाचे वर्तन तसेच राहते. किंबहुना अधिकच बिघडते. त्याच्या वागण्याचा इतरांना होणारा त्रास सर्वांनी टिपून ठेवलेला असतो. त्या वागण्यामागे त्याला स्वतःला कोणता त्रास होत असावा, हा प्रश्न मात्र कोणी विचारलेला नसतो.

वर वर्णिलेल्या गोष्टी सुट्या सुट्या पाहिल्या तर त्यांतील प्रत्येक गोष्ट पुष्कळ मुलांत आढळेल. त्या एकाच मुलात, लहानपणापासून आणि सातत्याने दिसू लागल्या, तर मात्र ‘ऑटिझम’ म्हणजे स्वमग्नतेची शक्यता ध्यानात घ्यावी लागते. स्वमग्नता हा वेड नव्हे, की संस्कारांचा अभाव नव्हे. मेंदूच्या विकासातील तो एक मुळापासूनचा वेगळेपणा आहे. त्याच्या दोन बाजू वैद्यकशास्त्र मानते. इतरांशी संवाद साधणे, त्यांच्या मनातले ओळखणे व त्यांच्यात मिसळणे यांत येणारी अडचण ही पहिली. ठराविक क्रमाचा व आवडीचा अतिरेकी आग्रह, त्याच त्या हालचाली, आणि आवाज, स्पर्श, उजेड यांविषयी असाधारण संवेदनशीलता किंवा बधिरता ही दुसरी. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगात सुमारे १२७ व्यक्तींमागे एक व्यक्ती स्वमग्न होती. हे प्रमाण सरासरी धरले, तर हजार-बाराशे पटाच्या शाळेत आठ-नऊ मुले अशी असणे संभवनीय आहे. अर्थात त्यांना शाळेपर्यंत पोहोचू दिले तर!

वर्तनाची भाषा

ही लक्षणे मराठी घरांत व वर्गांत कोणत्या रूपाने प्रकट होतात, ते पाहण्यासारखे आहे. आईने ‘तुला पाणी हवे का?’ असे वारंवार विचारलेले असते. मुलाला तहान लागली की तोही ‘तुला पाणी हवे का?’ असेच म्हणतो. ऐकणाऱ्याला तो चाळा वाटतो. वस्तुतः ती मुलाने केलेली मागणी असते. ‘कान उपटीन’ ही धमकी त्याला शब्दशः खरी वाटते आणि तो भयभीत होतो. काही मुले घरात कोणी बोलत नाही असे पुस्तकी, छापील मराठी बोलतात आणि त्यामुळे चेष्टेचा विषय होतात. प्रेशर कुकरची शिट्टी, मिक्सरची घरघर, दिवाळीतले फटाके, गणेशोत्सवातील ढोल-ताशे यांनी इतर मुले हरखून जातात, तेथे या मुलाला तो ध्वनी अंगावर वार झाल्यासारखा असह्य होतो. नव्या गणवेशाची खळ किंवा मानेशी शिवलेली चिठ्ठी त्याला दिवसभर स्वस्थ बसू देत नाही. बाई मात्र ‘सारखी चुळबुळ करतो’ एवढीच नोंद करतात.

हट्ट आणि असह्यता यांतील भेदही समजून घेतला पाहिजे. हट्ट करणाऱ्या मुलाला काहीतरी मिळवायचे असते. त्याचे एक डोळा पाहणाऱ्यावर असतो, आणि हवी ती वस्तू मिळाली की रडे थांबते. स्वमग्न मुलाचा उद्रेक पुष्कळदा निराळ्या जातीचा असतो. आवाज, गर्दी, अनपेक्षित बदल यांचा भार सहनशक्तीपलीकडे गेला की त्याचा स्वतःवरील ताबा सुटतो. पाहणारा कोणी नसला तरी ते चालूच राहते, आणि हवी असलेली वस्तू हातात ठेवली तरी शमत नाही. अशा वेळी छडी उगारणे वा चारचौघांत बोल लावणे म्हणजे त्या भारात आणखी भर घालणे होय. शिक्षेचा धडा त्याला मिळत नाही. शाळा ही भीतीची जागा आहे, एवढाच धडा मिळतो.

वाट पाहण्याची किंमत

पुष्कळ मुलांत या वेगळेपणाच्या खुणा शाळेत येण्याच्या कितीतरी आधी दिसतात. वर्षाच्या सुमारास नावाने हाक मारली तरी प्रतिसाद न देणे. दीड वर्षाचे झाले तरी चांदोमामा किंवा रस्त्यातील गाय बोटाने दाखवून आईचे लक्ष तिकडे न वेधणे. टाटा न करणे. दोन वर्षांचे झाले तरी दोन शब्द जोडून न बोलणे. आणि विशेषतः येऊ लागलेले शब्द नाहीसे होणे, या गोष्टी दुर्लक्षिण्याजोग्या नव्हेत. परंतु ‘त्याचे वडीलही उशिराच बोलू लागले होते’, ‘मुलगे उशिराच बोलतात’, ‘शाळेत घातला की आपोआप सुधारेल’ अशा समजुती घालण्यात घरातील वडीलधाऱ्यांचा हात धरणारा कोणी नाही. त्या समजुतींत प्रेम असते हे खरे. परंतु त्यांत दोन-तीन वर्षे सहज निघून जातात. बोलणे, खेळणे, गरजा व्यक्त करणे यांसाठी दिलेली मदत त्याच वर्षांत अधिक उपयोगी पडण्याचा संभव असतो. शंका येताच तपासणी करून घेतली आणि ती निराधार ठरली, तर फार तर एक-दोन दिवसांची रजा खर्ची पडते. शंका खरी असून तपासणी टळली, तर नुकसान मुलाचे होते. उशिरा झालेले निदान व्यर्थ असते, असा मात्र याचा अर्थ नव्हे. दहाव्या, पंधराव्या वर्षी किंवा प्रौढपणी झालेले निदानही त्या व्यक्तीला स्वतःविषयीच्या कोड्याचे उत्तर देऊन जाते.

मुलींच्या बाबतीत हा विलंब अधिक होतो. लिओ कॅनर या बालमनोविकारतज्ज्ञाने १९४३ साली बाल्टिमोर येथून ज्या ११ मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले, त्यांत ८ मुलगे आणि ३ मुली होत्या. तेव्हापासून स्वमग्नता म्हणजे मुलग्यांचा विषय, अशी समजूत दृढ झाली. परंतु पुष्कळ मुली मैत्रिणींचे पाहून त्यांच्यासारखे हसणे-बोलणे कष्टाने आत्मसात करतात आणि आपली अडचण झाकून नेतात. त्यातून, शांत व एकलकोंडी मुलगी ही समाजाच्या दृष्टीने ‘गुणी’ मुलगी! शाळेत दिवसभर आवरून धरलेला ताण ती घरी आल्यावर रडून मोकळा करते. शाळा म्हणते, ‘आमच्याकडे तर काहीच तक्रार नाही’. आणि दोष पुन्हा घराकडे, म्हणजे आईकडे येतो.

आईवरचा ठपका

आईला दोषी धरण्याची ही रीत अडाणीपणातूनच आली असे मात्र नव्हे. एके काळी तिला विद्वानांची मान्यता होती. ही मुले माणसांशी भावनिक नाते जोडण्याची जन्मजात अक्षमता घेऊन येतात, असे कॅनर यांनी प्रथम म्हटले. परंतु त्यांच्या आईबापांच्या थंडपणाविषयीही त्यांनी लिहिले. पुढे शिकागो येथील ब्रूनो बेटलहाइम यांनी १९६७ सालच्या आपल्या ग्रंथात आईबापांच्या नाकारण्यातून मूल स्वमग्न होते, हे मत हिरिरीने मांडले. त्यामुळे एका पिढीतील असंख्य मातांनी विनाकारण अपराधाचे ओझे वाहिले. बर्नार्ड रिमलंड हे मानसशास्त्रज्ञ स्वतः एका स्वमग्न मुलाचे वडील होते. त्यांनी १९६४ सालीच या मताचा पाया पोकळ असल्याचे दाखविले होते. १९७७ साली सूझन फोल्स्टाइन व मायकेल रटर यांनी जुळ्या मुलांच्या २१ जोड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकाच बीजापासून जन्मलेल्या ११ जोड्यांपैकी ४ जोड्यांत दोन्ही मुले स्वमग्न होती. निराळ्या बीजांच्या १० जोड्यांत मात्र असे एकही उदाहरण नव्हते. एकाच घरात, एकाच आईच्या हाताखाली वाढणाऱ्या मुलांतील हा फरक आनुवंशिकतेकडे बोट दाखवीत होता. लोर्ना विंग व ज्युडिथ गुल्ड यांनी १९७९ साली लंडनच्या कॅम्बरवेल भागातील मुलांच्या पाहणीतून स्वमग्नतेची रूपे किती विविध असतात, ते पुढे आणले. अजिबात न बोलणाऱ्या मुलापासून अस्खलित बोलणाऱ्या मुलापर्यंत हा पट्टा पसरलेला आहे, ही आजची धारणा त्या कामातून आकाराला आली.

विज्ञानाने आईची सुटका केली; समाजाने अद्याप केलेली नाही. पूर्वी तिच्या थंडपणाला दोष होता. आता तिच्या नोकरीला, किंवा मुलाच्या हाती दिलेल्या मोबाइलला आहे. मुलाने तासन् तास पडद्यापुढे बसणे अनिष्टच; परंतु स्वमग्नतेचे मूळ कारण म्हणून त्याच्याकडे पाहण्यास आधार नाही. लसीकरणाची कथाही तशीच. गोवर, गालगुंड व रुबेला यांवरील लशीचा संबंध स्वमग्नतेशी जोडणारा, केवळ १२ मुलांवर आधारलेला लेख ‘लॅन्सेट’ने १९९८ साली छापला आणि २०१० साली मागे घेतला. त्याआधीच, २००२ साली, डेन्मार्कमधील ५ लाखांहून अधिक मुलांच्या अभ्यासात असा कोणताही संबंध आढळला नव्हता. तरीही या भीतीपोटी लस टाळणारे सुशिक्षित पालक आजही भेटतात.

दोष देणाऱ्यांच्या पाठोपाठ इलाज विकणारे येतात. स्वमग्नता ‘मुळापासून बरी करण्याची’ ग्वाही देणाऱ्या जाहिरातींना कर्ज काढणारी कुटुंबे बळी पडतात. मूलपेशींच्या उपचारांचे उदाहरण घ्यावे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१७ सालच्या मार्गदर्शक तत्त्वांत रक्ताच्या काही विकारांपलीकडे असे उपचार केवळ मान्यताप्राप्त चाचण्यांच्या चौकटीतच करता येतील, असे स्पष्ट केले. स्वमग्नता औषधाने नाहीशी होत नाही. वाचा-उपचार, दैनंदिन कौशल्यांचे प्रशिक्षण, पालकांना मार्गदर्शन आणि समजूतदार शाळा यांच्या साह्याने मुलाचे जगणे पुष्कळ सुसह्य होते, हे मात्र खरे.

शंका आणि निर्णय

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. त्रासदायक वागणारे प्रत्येक मूल स्वमग्न असते असे मुळीच नाही. हाकेला ओ न देणाऱ्या मुलाला ऐकूच येत नसेल. म्हणून श्रवणतपासणी आधी व्हायला हवी. चंचल मुलात अवधानाचा दोष असू शकतो. गप्प मूल घरातील मारझोडीने धास्तावलेले असू शकते. भिली वा गोंडी बोलणाऱ्या घरातून आलेले मूल मराठी वर्गात मुके राहते, त्याचे कारण वर्गाच्या भाषेत असते. ऊसतोडणीमुळे दरवर्षी अर्धे वर्ष शाळा बुडणाऱ्या मुलाचा बिथरलेपणा हा वेगळाच प्रश्न आहे. एकाएकी बदललेल्या वागण्यामागे कानदुखी, दातदुखी किंवा वर्गातील दांडगाई असू शकते. उलट, एकाच मुलात स्वमग्नतेबरोबर अपस्मार, बौद्धिक अक्षमता किंवा अवधानाचा दोष हेही आढळू शकतात. रक्त तपासून किंवा मेंदूचे छायाचित्र काढून स्वमग्नतेचे निदान होत नाही. मुलाचे निरीक्षण आणि त्याच्या वाढीचा पूर्वेतिहास यांवरच ते अवलंबून असते. भारतात प्रमाणपत्रासाठी वापरल्या जाणाऱ्या मोजपट्टीत ४० मुद्दे आहेत. ते तपासण्याचे काम बालरोगतज्ज्ञ, मनोविकारतज्ज्ञ व चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ यांचे, शिक्षकाचे नव्हे.

मग शिक्षकाने करावे तरी काय? त्याने न्यायाधीश होऊ नये. परंतु साक्षीदार अवश्य व्हावे. मुलाला एकाच वयाच्या चाळीस मुलांत रोज पाच-सहा तास पाहण्याची संधी डॉक्टरला नसते, आईबापांनाही नसते. ती एकट्या शिक्षकाला असते. उद्रेकापूर्वी काय घडले, उद्रेकात मुलाने काय केले, तो कशाने शांत झाला, या तीन रकान्यांची साधी नोंदवही महिनाभर ठेवली तरी तज्ज्ञाला ती बहुमोल ठरते. ‘फार त्रास देतो’ या तक्रारीपेक्षा ‘घंटेच्या वेळी कान झाकतो, तास बदलला की रडतो’ ही नोंद अधिक सांगून जाते. पालकांशी बोलतानाही ‘तुमचा मुलगा स्वमग्न आहे’ असे म्हणण्याचा अधिकार शिक्षकाला नाही. ‘या गोष्टी वर्गात दिसतात, घरी काय दिसते? एकदा तपासून घ्यावे’ असे मात्र तो अवश्य म्हणू शकतो.

आणि तपासणी होईपर्यंत थांबण्याचेही कारण नाही. दिवसाचे तास चित्रांनी फळ्यावर मांडणे, बदल होणार असेल तर आधी सांगणे, एका वेळी एकच सूचना देणे, बसण्याची जागा कायम ठेवणे, घंटेपूर्वी इशारा देणे, बिथरल्यास शांत कोपऱ्यात बसू देणे, या गोष्टींना फारसा खर्च नाही. मूल स्वमग्न नसले तरी त्यांनी कोणाचे नुकसान होत नाही.

कायदा आणि कचेरी

‘भरलेला वर्ग, त्यात निवडणुका, सर्वेक्षणे आणि कागदपत्रे; हे आणखी कोणी करावयाचे?’ हा शिक्षकांचा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर शासनाने द्यावयाचे आहे. कायद्याची उणीव येथे नाही. १९९९ सालच्या राष्ट्रीय न्यास कायद्याने स्वमग्नतेची नोंद घेतली. २०१६ सालच्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने तिचा २१ प्रकारांत समावेश केला. शाळांनी भेदभाव न करता प्रवेश द्यावा, गरजेनुसार सोयी कराव्यात आणि शाळकरी मुलांची दर पाच वर्षांनी पाहणी व्हावी, असे हा कायदा सांगतो. २००९ सालच्या शिक्षणहक्क कायद्याने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांना बंदी घातली आणि प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढून टाकणे निषिद्ध ठरविले. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ तर २०१३ साली पालघर येथे, महाराष्ट्राच्या भूमीवर झाला. अंगणवाड्या व सरकारी शाळांतील मुलांची तपासणी करून, गरज भासल्यास त्यांना जिल्हा पातळीवरील शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठविणे, ही त्याची योजना. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने विशेष गरजांच्या विद्यार्थ्यांसाठी विशेष शिक्षकांचे प्रमाण ठरविण्याचा आदेश दिला.

कागद आणि वर्ग यांतील अंतर मात्र कायम आहे. ‘याला दुसरीकडे घाला, आमच्या शाळेत जमणार नाही’ असे आजही सांगितले जाते. ते लेखी नसते, म्हणून त्याविरुद्ध दादही मागता येत नाही. निदान झालेल्या मुलाचे वडील प्रमाणपत्रासाठी रजा टाकून हेलपाटे घालतात. एका खिडकीवरील कारकून दुसऱ्या खिडकीकडे बोट दाखवितो. त्या खिडकीमागे बसलेल्यानेही हा विषय समजून घेतला, तर एखादा हेलपाटा वाचेल. शिक्षकांच्या प्रशिक्षणात या विषयाला एखाद्या व्याख्यानापलीकडे स्थान, प्रत्येक केंद्रातील शाळांना नियमित भेट देणारा विशेष शिक्षक, आणि तपासणीसाठी महिनोन् महिने तिष्ठत राहावे लागणार नाही एवढे मनुष्यबळ, या तीन गोष्टी शासनाने प्रथम कराव्यात.

निदानाविरुद्ध एक आक्षेप नेहमी घेतला जातो. कोवळ्या मुलाच्या कपाळी असा शिक्का कशाला मारावा? या आक्षेपात मुलाविषयीची काळजी आहे. परंतु शिक्का तर त्याच्या कपाळी आधीच बसलेला असतो. हट्टी, आगाऊ, माणूसघाणा, वेडसर ही विशेषणे समाजाने कोणत्याही तपासणीवाचून बहाल केलेली असतात, आणि हळूहळू मूलही ती खरी मानू लागते. योग्य निदान त्यांच्या जागी एक कारण ठेवते, आणि कारण कळले की उपाय सुचतो. घंटेपूर्वी इशारा द्यावा हे त्यातूनच सुचते. आणि मधल्या सुट्टीत वर्गात बसून राहिलेल्या त्या मुलापाशी जाऊन, आता बोट काढ आणि खेळायला जा, असे सांगावे हेही त्यातूनच सुचते. वर्गात त्रास देणाऱ्या मुलाच्या बाबतीत शिक्षेचा विचार करण्यापूर्वी कारणाचा विचार व्हावा, एवढी अपेक्षा शाळेकडून आणि घराकडून करणे मुळीच अवाजवी ठरणार नाही.